वकिलीची प्रॅक्टिकल परीक्षा : गुण कशाला मिळतात, तयारी कशी करायची?

एलएलबीला केवळ लेखी पेपर देऊन भागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार चार प्रॅक्टिकल विषय सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटा निवारण आणि मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय). रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनाही हे टप्पे पार करावे लागतात. यातले बरेचसे काम वर्षभराचे असल्याने ते आदल्या रात्री उरकता येत नाही.

मूट कोर्टचे १०० गुण

- तीन मूट कोर्ट: ३० गुण. प्रत्येकी १०, पाच लेखी मांडणीला, पाच तोंडी युक्तिवादाला.
- खटल्यांचे निरीक्षण: ३० गुण. एक दिवाणी, एक फौजदारी.
- डायरी: ३० गुण. अशिलाशी होणारी बोलणी आणि दावा दाखल करण्याची तयारी.
- तोंडी परीक्षा: १० गुण.

कोर्टात काय पाहायचे?

जिल्हा न्यायालय रत्नागिरी शहरातच आहे. पुराव्याच्या टप्प्यावर असलेला खटला निवडावा, म्हणजे सरतपास आणि उलटतपास दोन्ही ऐकायला मिळतात. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख आणि टप्पा कळतो, त्यामुळे फुकट खेप होत नाही. नोंद त्याच दिवशी करावी: कोण साक्षीदार होता, कोणते कागद दाखल झाले, हरकत कशावर घेतली, कोर्टाने काय आदेश दिला. दुसऱ्याची डायरी उतरवून काढली, तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडायला होते. अशिलाची बोलणी गोपनीय असतात. डायरीत त्याचे नाव लिहू नये.

मसुदालेखनाचा सराव

यात दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र यांसारखे १५ मसुदे आणि खरेदीखत, मृत्युपत्र, बक्षीसपत्र यांसारखे १५ दस्त असतात. प्रत्येकाला ३ गुण, म्हणजे एकूण ९०. उरलेले १० तोंडी परीक्षेला.

कोकणात सामाईक जमिनी आणि आंब्याच्या बागांचे वाटप हा नेहमीचा विषय. सराव त्यावरच करावा. समजा, मुंबईतली बहीण गावच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडते. हक्कसोडपत्रात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा अचूक हव्यात आणि दस्त नोंदणीकृत हवा. साध्या कागदावर सही घेऊन हिस्सा सुटत नाही. परीक्षेत अशी चूक एखाद-दुसरा गुण घालवते. पुढे ती दोन घरांना वर्षानुवर्षे कोर्टात खेचते.

पदवीनंतर काय?

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी केल्यावर सनद मिळते. वकिली चालू ठेवण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. त्यात १०० बहुपर्यायी प्रश्न असतात. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. मात्र कोणते कलम कुठे आहे, हे आधीच हाताखालून गेलेले असावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकांवर विसंबू नये.