ध्रुवप्रकाशाचे दर्शन आणि त्याचे छायाचित्र

ध्रुवप्रदेशाच्या आकाशात रात्री उजळणाऱ्या ध्रुवप्रकाशाची, म्हणजेच ‘अरोरा’ची, गर्द हिरवी छायाचित्रे पाहून नॉर्वेला गेलेला प्रवासी पुष्कळदा हिरमुसतो. त्याला आकाशात एखादा पांढुरका पट्टाच दिसतो आणि छायाचित्राने आपल्याला फसविले असे वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तक्रार नेमकी उलट होती.

सोफुस ट्रोमहोल्ट हे मूळचे डेन्मार्कचे, नॉर्वेत राहिलेले शाळामास्तर. पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, १८८२-८३ च्या हिवाळ्यात, ते ध्रुवप्रकाशाच्या निरीक्षणासाठी उत्तर नॉर्वेतील काउतोकेइनो या गावी राहिले. डोळ्यांपुढे आकाश पेटत असे आणि कॅमेऱ्यातील काच कोरीच राही. तेथील सामी लोकांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे मात्र इतकी जिवंत उतरली, की २०१३ साली युनेस्कोने आपल्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत त्या संग्रहाला स्थान दिले. गेले होते कशासाठी आणि कीर्ती राहिली कशाने!

१८९२ साली मार्टिन ब्रेंडेल व ओटो बाशिन या जर्मन संशोधकांना बोसेकोप येथे पहिले खरे यश आले. पण ते चित्र कृष्णधवल आणि अस्पष्ट होते. काच जितका वेळ उघडी ठेवावी, तितक्या त्या प्रकाशाच्या हलत्या चुण्या एकमेकींत मिसळून जात. म्हणूनच १८९९ साली डेन्मार्कची शास्त्रीय मोहीम आइसलँडला निघाली, तेव्हा तिने हाराल्ड मोल्टके हा चित्रकार सोबत नेला. रात्री उघड्यावर पेन्सिलीने रेखाटन करावयाचे आणि रंग मागाहून भरावयाचे, अशी त्याची रीत. त्या रंगांत स्मृतीची भर पडली असणारच. तथापि पाहणाऱ्याला काय दिसले, याचा पुरावा म्हणून मी आजच्या झगझगीत छायाचित्रांपेक्षा मोल्टकेवर अधिक विसंबेन.

१९१० पासून कार्ल स्टोर्मर या गणितज्ञाने छायाचित्राकडून वेगळेच काम घेतले. दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घ्यावयाची आणि मागील ताऱ्यांच्या आधाराने प्रकाशाची उंची काढावयाची. त्याची खालची कड साधारण १०० किलोमीटरवर असते, हे अशा मोजणीने पक्के झाले. नुसत्या डोळ्यांना हे साधले नसते.

रंगांचे कोडे आपल्या नेत्रपटलात आहे. मंद प्रकाशात ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. प्रकाश प्रखर झाला तर हिरवा, क्वचित गुलाबीही दिसतो. तांबडा मात्र सहसा निसटतो. कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवितो, डोळ्याला तशी सोय नाही.

१० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरील उद्रेकांमुळे मोठे चुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत तांबडा प्रकाश टिपला. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे देशभर पाहिली गेली. त्या रात्री हानलेच्याच अंगणात उभ्या असलेल्या माणसाला त्या तांबडेपणातले फार थोडे दिसू शकले असते.