सहा पिनांची कुळकथा

आर्डुइनो उनोच्या बोर्डावर तीन-तीनच्या दोन रांगांत सहा पिना उभ्या असतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम टाकणाऱ्या प्रोग्रामरची केबल तिथे लागते. या पिना आल्या त्या एका हट्टापायी: चिप बोर्डावरून काढायची नाही.

आधी ती काढावीच लागे. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांची ईप्रॉम ही मेमरी चिप आली. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची खिडकी होती. तिच्यातून अतिनील किरण पाडले की पंधरा-वीस मिनिटांत आतला प्रोग्राम पुसला जाई. मग चिप प्रोग्रामरच्या सॉकेटात, तिथून परत बोर्डावर, आणि उजेड लागू नये म्हणून खिडकीवर चिकटपट्टी. १९७६ च्या ८७४८ मायक्रोकंट्रोलरलाही हीच खिडकी. प्रोग्राममधली एक ओळ चुकली तरी ही सगळी यातायात, आणि दर खेपेला चिपचे पाय वाकण्याची धास्ती.

बोर्डावरच लिहायला अडचण व्होल्टेजची होती. लिहिताना पंचवीसेक व्होल्ट लागत. शेजारच्या पाच व्होल्टवाल्या चिपा त्यात जळाल्या असत्या. विजेनेच पुसली जाणारी मेमरी आली, जादा व्होल्टेज चिपच्या पोटातच तयार होऊ लागले, तेव्हा वाट मोकळी झाली.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांनी विद्यार्थी असताना एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरची आखणी केली; अ‍ॅटमेल कंपनीने ती चिप बाजारात आणली. सुरुवातीच्या त्या सहा पिना तिच्याच; त्यांत पुरवठा, ग्राउंड, घड्याळ, जाणारा डेटा, येणारा डेटा आणि रिसेट. खरी करामत रिसेटची. तिचे व्होल्टेज खाली धरले की चिपचे नेहमीचे काम थांबते आणि एरवी सर्किटसाठी राबणाऱ्या तीन पिना लिहिण्यासाठी मोकळ्या होतात. प्रोग्रामर आधी एसी आणि ५३ हे हेक्स आकडे पाठवतो. तिसरा बाइट जात असताना चिपने ५३ परत पाठवला, तर जोडणी बरोबर आहे. नाही आला, तर पुन्हा सुरुवात. दोघांची ओळख पटवण्याची इतकी नेटकी रीत मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकलेल्यांनी हे स्थित्यंतर हातांनी अनुभवले आहे. त्याच घराण्यातली ८९सी५१ चिप प्रोग्रामरमध्ये न्यावी लागे, तिला बारा व्होल्ट लागत. ८९एस५२ बोर्डावरच भरता येते. फक्त तिथे रिसेट खाली नव्हे, वर धरायची.