कात्रीखालीं गेलेला शेवट

कन्हान नदीच्या कांठीं 1821 सालीं वसलेली कामठीची छावणी ज्या मध्यप्रांतांत होती, त्यास 1918 च्या इन्फ्लुएंझानें फार जबर तडाखा दिला. पहिली लाट सौम्य होती; पावसाळ्याच्या अखेरीस आलेली दुसरी प्राणघातक ठरली. अशा प्रदेशांतील वाचकांस स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘द स्टँड’ ही कादंबरी निव्वळ भयकथा वाटणार नाहीं. लष्करी प्रयोगशाळेंतून निसटलेला ज्वर तींत बहुतेक मनुष्यजातीचा संहार करतो. उरलेल्यांत सज्जन व दुर्जन असे दोन तट पडतात.

1978 सालीं डबलडे या प्रकाशनसंस्थेनें ती छापली, तेव्हां हस्तलिखिताचीं सुमारें 400 पानें गाळण्यांत आलीं. कारण वाङ्मयीन नव्हतें. जाड ग्रंथाची किंमत वाढेल, ही चिंता होती. 1990 च्या आवृत्तींत गाळलेला बराचसा मजकूर परत आला, आणि त्याबरोबर एक नवा शेवटही: संपला असें वाटलेला खलपुरुष फ्लॅग दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर पुन्हां जागा होतो.

आम्हांस हींच पानें सर्वांत मोलाचीं वाटतात. लाट ओसरली म्हणजे संकट टळलें, हा भ्रम किती महाग पडतो हें 1918 नें आमच्या पूर्वजांस शिकविलें, आणि 2021 नें आम्हांस.