दोन रकान्यांत न मावणारा रुग्ण : लैंगिक अल्पसंख्याक, मादक द्रव्ये आणि आरोग्य संशोधन

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या १९९९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात जोखमीच्या गटांसाठी स्वतंत्र प्रकल्प आखण्यात आले. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष हा एक गट होता, सुईद्वारे मादक द्रव्ये घेणारे हा दुसरा. मोजणीच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी पुढे संशोधनाचीही चौकट बनली. २०१७ च्या देशव्यापी निरीक्षण सर्वेक्षणात पहिल्या गटातील संसर्गाचे प्रमाण २.६९ टक्के, तर दुसऱ्यातील ६.२६ टक्के आढळले. मात्र समागमाच्या वेळी उत्तेजक द्रव्य ओढणारा किंवा गिळणारा पुरुष दुसऱ्या रकान्यात येतच नाही. त्याने सुई वापरलेली नसते. लंडनमध्ये २०१४ साली नेमक्या याच वर्तनाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला.

येथील मौनाला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत कलम ३७७ आणि १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा, अशा दोन्ही कायद्यांखाली खरे उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुलीच ठरत असे. मुंबईत निदान १९९४ पासून हमसफर ट्रस्ट या समुदायात काम करीत आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रातच विचारला जाऊ शकतो, आणि तेथे बाहेरच्या बाकावर गावातलेच कोणी बसलेले असू शकते.