विकत घेतलेले गाणे आणि विकणाऱ्याचे कुलूप

पैसे मोजून घेतलेल्या गाण्यावरचे डिजिटल कुलूप आपणच काढले, तर ती चोरी आहे काय? संगीत कंपन्यांनी वर्षानुवर्षे 'होय' असेच सांगितले आणि शिकल्यासवरल्या लोकांनीही ते मान्य केले. आम्हाला ते मान्य नाही. का, हे कळण्यासाठी २००३ ते २००९ या सहा वर्षांचा इतिहास तपासला पाहिजे.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले. एका गाण्याला ९९ सेंट. इंटरनेटवर फुकट गाण्यांचा सुकाळ असताना हे ग्राहक खिशातून पैसे काढत होते. बदल्यात मिळालेल्या फाईलवर कुलूप होते. सुरुवातीला ती फक्त तीन संगणकांवर वाजे, पुढच्या वर्षी पाच झाले. दुसऱ्या कंपनीचा प्लेअर घेतला की गाणे मुके. कुलपाचे नाव काय, तर 'फेअरप्ले', न्याय्य खेळ!

गंमत म्हणजे त्यातून सुटण्याची एक वाट ॲपलनेच ठेवली होती. गाण्याची सीडी करा, तीच सीडी पुन्हा संगणकात भरा, कुलूप गेले. आवाजाचा दर्जा थोडा उतरे, एवढेच. म्हणजे लांबच्या वाटेने गेला तर ग्राहक सज्जन आणि जवळच्या वाटेने गेला तर चोर. हा कोणता न्याय?

जवळची वाट शोधणाऱ्यांत नॉर्वेचा जॉन लेक योहान्सन होता. डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम पसरवल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता. २००३ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यासाठी मालकाने ती उघडली तर तो गुन्हा होत नाही, असा त्याचा आशय. या दोन निकालांच्या मधे, नोव्हेंबरमध्ये, त्याने आयट्यून्सच्या गाण्यांचा आवाज कुलपाविना टिपून घेणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला.

२००४ मध्ये 'प्लेफेअर' आला. ॲपलच्या वकिलांच्या नोटिशीनंतर तो अमेरिकेतल्या संकेतस्थळावरून उतरवला गेला आणि भारतातल्या 'सरोवर' या मुक्त सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर आला. नोटीस तिथेही पोहोचली, तिथूनही तो उतरला. ध्यानात घ्या, असे कुलूप तोडण्याविरुद्धचे कलम अमेरिकेत १९९८ पासून होते, आपल्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा ते नव्हतेच. पुढे हाच प्रोग्रॅम 'हिम' या नावाने चालला. त्याच्या कर्त्यांनी खरेदीदाराची ओळख फाईलमध्ये तशीच राहू दिली होती. लुटीचा माल वाटणारा कोणी त्यावर आपले नाव ठेवतो काय?

'कुलूप नसेल तर कलावंत उपाशी मरतील' हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. फुकट वाटपाने गाणाऱ्याचे नुकसान होते, हे खरेच. पण हे कुलूप त्या वाटपाला अडवत होते का? फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी स्वतःच आकडे मांडले: २००६ साली कुलूपबंद गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी आणि कुलपाविना, सीडीवर, वीस अब्जांहून जास्त. उघड्या गोदामाच्या एका खिडकीला टाळे! ते अडवत होते फक्त खरेदीदाराला. आदल्याच महिन्यात नॉर्वेच्या ग्राहक लोकपालांनी हे कुलूप बेकायदा ठरवले होते, हेही विसरू नये.

एप्रिल २००७ मध्ये ईएमआयने माघार घेतली आणि कुलपाविना गाणे १.२९ डॉलरला मिळू लागले. जानेवारी २००९ मध्ये उरलेल्या बड्या कंपन्याही आल्या. आधी घेतलेल्या गाण्याचे कुलूप काढून हवे असेल तर? गाण्यामागे आणखी ३० सेंट. ज्या कृत्याला कालपर्यंत गुन्हा म्हटले, तेच आता दरपत्रकात आले.

दरम्यान २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की एमएसएन म्युझिकच्या गाण्यांना परवानगी देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद होणार. नवा संगणक घेतला की जुनी खरेदी त्यावर वाजणार नाही. ओरड झाली, मुदत वाढली. पण मालकी नेमकी कोणाकडे होती, हे त्या दिवशी उघडे पडले.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, मात्र हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कोणी ते उघडले तर हे कलम आड येत नाही. खाजगी वापराची रास्त मुभा कलम ५२ मध्ये आहेच. हेतू विचारणारा हा कायदा आम्हाला अमेरिकेच्या कायद्यापेक्षा शहाणा वाटतो. त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांचा, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा असा बांधला, की निर्मात्याला तो लिहून घेता येत नाही. कलावंताचे पोट भरण्याचा रस्ता हा आहे.

वर्गणी भरून ऐकायची गाणी वर्गणी थांबली की थांबतात. ते भाडे आहे आणि भाडे म्हणूनच घेतले जाते, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण गाण्यांवरचे कुलूप गेले तरी त्याच दुकानातल्या चित्रपटांवर ते अजून आहे आणि तिथल्या बटणावर लिहिलेले असते: 'खरेदी करा'.