आडवाटेवरचे शिल्पधन : अंकाई-टंकाईची जैन लेणी

तीर्थयात्रा म्हटली की सम्मेदशिखर, गिरनार, पालिताणा, श्रवणबेळगोळ ही नावे सहज ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जेथे यात्रेकरूंची गर्दी नाही, धर्मशाळा नाही, पेढीही नाही, अशा लहान स्थानांनीही आपल्या इतिहासाची पाने जपून ठेवली आहेत. नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यातील अंकाई-टंकाई हे त्यांपैकीच एक होय.

मनमाडच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर हे जोडकिल्ले उभे आहेत. मनमाड-दौंड लोहमार्गावरून जाणारे असंख्य प्रवासी खिडकीतून ते पाहतात; मात्र टंकाईच्या दक्षिण अंगास, अंकाई गावाच्या वरच्या बाजूला, साधारणतः ११व्या-१२व्या शतकांतील जैन लेण्यांचा समूह आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

लेणी आकाराने लहान, पण कोरीव काम अतिशय समृद्ध आहे. पहिली दोन लेणी दुमजली आहेत. तिसऱ्या लेण्यात गर्भगृहाच्या द्वाराच्या दोन बाजूंस भगवान शांतिनाथ व भगवान पार्श्वनाथ यांच्या उभ्या मूर्ती आहेत. त्याच लेण्यात गजारूढ देवता व अंबिका यांच्या मूर्ती समोरासमोर आहेत. १९व्या शतकात बर्जेस यांनी गजारूढ मूर्तीस इंद्र म्हटले. आधुनिक अभ्यासक अशा मूर्तींना सर्वानुभूती यक्ष मानतात. समूहातील एका छतावर फुललेले कमळ असून त्याच्या पाकळ्यांवर नर्तकी व वादक कोरलेले आहेत.

एवढे वैभव अशा एकांतात का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जुन्या मार्गांत सापडते. १७व्या शतकात सुरतेहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या वाटेवर अंकाई हा एक टप्पा होता, असा उल्लेख फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याने केला आहे. वाटेवरचे हे महत्त्व किल्ल्यांच्या इतिहासातही दिसते : १६३५ मध्ये ते मोगलांनी घेतले, तर १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. व्यापारी आणि धर्मस्थान यांचे नाते याच जिल्ह्यातील अंजनेरीच्या शके १०६३ (इ. स. ११४१-४२) मधील शिलालेखात स्पष्ट दिसते. यादव राजा सेउणचंद्र याने भगवान चंद्रप्रभांच्या मंदिरास दुकाने दिली आणि वत्सराज नावाच्या श्रेष्ठीनेही एक दुकान व घर अर्पण केले, अशी त्यात नोंद आहे. तात्पर्य, आज ज्यांना आपण आडवाटेची स्थाने म्हणतो, ती एके काळी वाटेवरचीच होती. स्थाने हलली नाहीत, वाटा बदलल्या.

म्हणूनच या स्थळांकडे पाहण्याची आपली दृष्टी सावध असावी. येथे संगमरवर नको, रंग नको, मूर्तींवर शेंदूर तर मुळीच नको. शतकांची ऊन-पावसाची झीज सोसून उरलेली पाषाणाची रेषा हीच येथील खरी संपत्ती आहे. उत्साहाच्या भरात झालेल्या एका जीर्णोद्धाराने ती कायमची पुसली जाऊ शकते.

आपण मोठ्या तीर्थांना अवश्य जावे. परंतु एखादा दिवस मुलाबाळांसह अंकाईसाठीही राखून ठेवावा. त्या शांत दालनात क्षणभर सामायिकाला बसावे, पाहिलेल्या मूर्तींची टिपणे ठेवावीत आणि स्थान जसे मिळाले तसेच पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावे. आपल्या पूर्वजांना वाहिलेली हीच खरी आदरांजली ठरेल.