ग्रांट रोडची नाटकशाळा : स्थलनिर्णय व प्रेक्षकांची सोय

मुंबईच्या जुन्या नाटकांच्या जाहिराती व हस्तपत्रकें जमविणारांस एक अडचण वारंवार येते. ‘मुंबईची नाटकशाळा’ असा मोघम उल्लेख आढळला म्हणजे ती कोणती हें चटकन् कळत नाहीं, आणि दोन निरनिराळ्या इमारतींचा इतिहास एकत्र मिसळतो. हा घोटाळा दूर व्हावा म्हणून आम्ही हें टिपण सादर करीत आहों.

पहिली नाटकशाळा कोटांत, ग्रीन नांवाच्या पटांगणावर, इ. स. १७७६ त वर्गणीनें बांधलेली. ती साहेबलोकांच्या हौसेची. कर्जापायीं ती १८३५ त विकावी लागली व जमशेटजी जिजीभाई यांनीं घेतली. दुसरी ग्रांट रोडवरील. तिच्यासाठीं जगन्नाथ शंकरशेट यांनीं जागा दिली व ती १८४६ च्या फेब्रुवारींत उघडली. अर्थात् विष्णुदास भावे यांच्या मंडळीनें १८५३ च्या मार्चांत जेथें खेळ केला ती ही दुसरीच होय.

नाटकशाळा म्हणजे केवळ रंगभूमि व पडदे नव्हेत. प्रेक्षक तेथें कसा येतो व रात्रीं घरीं कसा परततो, हाहि तिच्या इतिहासाचाच भाग. या दृष्टीनें ग्रांट रोडची जागा युरोपियनांस गैरसोयीची होती. कोटाचा तट तेव्हां उभा होता. तेथून ही इमारत दूर, एतद्देशीय वस्तीच्या बाजूस पडे. साहेबलोकांची गर्दी ओसरली, आणि दर उतरवून इतरांस बोलावणें चालकांस भाग पडलें. परंतु गिरगांवाकडील रहिवाशांस तीच जागा जवळची. एकाची गैरसोय ती दुसऱ्याची सोय झाली.

याचें फळ लहान नव्हे. सांगलीस १८४३ त ‘सीतास्वयंवर’ झालें तें श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें. १८५१ त ते निवर्तले, व भावे यांस खेळ घेऊन गांवोगांव हिंडावें लागलें. ग्रांट रोडवर त्यांस जो आश्रय लाभला तो तिकिटाचा. तेव्हां मुंबई-ठाणें आगगाडीहि सुरू नव्हती. ती १६ एप्रिल १८५३ रोजीं निघाली. म्हणजे प्रेक्षक बहुतेक शहरचेच असले पाहिजेत. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पारशी मंडळीनेंहि येथेंच आपला खेळ केला. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे जाणारी वाट या गैरसोयीच्या जागेवरून गेली, असें आमचें मत आहे.

पुढें याच भागांत आणखी नाटकगृहें झालीं. व्हिक्टोरिया हें १८७० तील. ‘प्ले हाऊस’ यावरून त्या वस्तीस पडलेलें ‘पिला हाऊस’ हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. १८४६ ची इमारत मात्र उरली नाहीं. म्हणून कागदावर ‘ग्रांट रोड’ दिसतांच ती नाटकशाळा समजूं नये. सन, मंडळीचें नांव व तिकिटांची वर्गवारी हीं ताडून पाहावीं. तेथील बैठकी, दर व वेळा सांगणारे साक्षीदार आतां हे सुटे कागदच होत. ते रद्दींत जाऊं न देतां संग्राहकांनीं त्यांच्या नकला अभ्यासकांस उपलब्ध कराव्या, इतकीच आमची विनंति आहे.